रेल्सच्या व्ह्यूमधले जावास्क्रिप्ट हेल्पर सुटसुटीत कसे करायचे

एका रेल्स ॲपमधल्या, म्हणजे रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कवर बनवलेल्या वेब ॲपमधल्या, यादीत चाळीस नोंदी होत्या. त्यातल्या एकोणचाळीस ओळींवरचं ‘काढून टाका’ व्यवस्थित चालत होतं. एका ओळीवर मात्र क्लिक केलं की पान नुसतं वर सरकायचं. विचारणा नाही, एरर पेज नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंतीची खूणही नाही. मी अर्धा दिवस कंट्रोलर आणि परवानग्या चाळत बसलो होतो. शेवटी ब्राउझरचा कन्सोल उघडला, तिथे सिंटॅक्स एरर दिसली, आणि मग त्या ओळीतलं नाव पहिल्यांदा नीट वाचलं: ओ'ब्रायन.

त्या नावातल्या वरच्या टिंबानं, म्हणजे अपॉस्ट्रॉफीनं, सगळा घोळ केला होता. लिंक बनवणारा हेल्पर, म्हणजे व्ह्यूसाठी (पानाच्या साच्यासाठी) एचटीएमएल तयार करून देणारी छोटी रूबी मेथड, ‘ऑनक्लिक’साठी जावास्क्रिप्टचं वाक्य जुळवायचा: आधी ‘कन्फर्म’, मग कंस, मग एकेरी अवतरण, मग माणसाचं नाव, मग ‘ला काढायचं का?’ आणि पुन्हा एकेरी अवतरण. ओ'ब्रायनमधल्या अपॉस्ट्रॉफीनं ते अवतरण मध्येच बंद केलं आणि पुढचा ‘ब्रायन’ उघड्यावर पडला.

इथे नवख्या माणसाला हमखास प्रश्न पडतो: रेल्स तर व्ह्यूमधला मजकूर आपोआप एस्केप करतं, म्हणजे घातक चिन्हांच्या जागी निरुपद्रवी रूपं घालतं, मग हे कसं झालं? रेल्सनं त्याचं काम केलं होतं. पानाचा सोर्स पाहिला तर अपॉस्ट्रॉफीच्या जागी एचटीएमएलची एंटिटी होती, अँपरसँड, हॅश आणि ३९. पण ॲट्रिब्यूटची किंमत वाचताना ब्राउझर आधी एंटिटी सोडवतो आणि त्यानंतर उरलेला मजकूर जावास्क्रिप्ट इंजिनाच्या हाती देतो. इंजिनापर्यंत पोचेस्तोवर अपॉस्ट्रॉफी पुन्हा जशीच्या तशी झालेली असते. एचटीएमएलच्या पोटात जावास्क्रिप्ट, म्हणजे एकात एक अशा दोन भाषा, आणि आपण एस्केप केलं फक्त बाहेरच्या भाषेसाठी. नावाच्या रकान्यात एखाद्यानं मुद्दाम रचलेला कोड टाकला असता तर लिंक बंद पडली नसती, तो कोड चालला असता.

म्हणून या लेखात मी एकच गोष्ट धरून चालणार आहे: हेल्परनं जावास्क्रिप्ट लिहायचं नाही. त्यानं एचटीएमएल लिहायचं आणि त्यावर खुणा ठेवायच्या. त्या खुणा वाचून काय करायचं ते स्क्रिप्टच्या फाइलीत. जुना कोड या वाटेवर कसा आणायचा ते आता पायरीपायरीनं पाहू. मेथड आणि ॲट्रिब्यूटची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. तुमच्या कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत असतील.

हातातला कोड कोणत्या काळातला आहे ते ओळखा

हे हेल्पर कुणी मूर्खपणानं लिहिलेले नसतात. २००५ च्या सुमारास रेल्ससोबत प्रोटोटाइप ही जावास्क्रिप्ट लायब्ररी यायची आणि ‘लिंक_टू_रिमोट’, ‘लिंक_टू_फंक्शन’, ‘ऑब्झर्व्ह_फील्ड’ असे हेल्पर रूबीतून जावास्क्रिप्ट तयार करून द्यायचे. जावास्क्रिप्टला हात न लावता पान हलतं करता येणं ही तेव्हा फार मोठी सोय होती. २००६ मध्ये रेल्स १.१ नं आरजेएस टेम्पलेट आणले. त्यात सर्व्हरचं उत्तरच जावास्क्रिप्टमध्ये यायचं.

पुढे दिशा बदलली. ऑगस्ट २०१० मध्ये आलेल्या रेल्स ३.० नं पानातला कोड काढून ‘डेटा-रिमोट’, ‘डेटा-मेथड’, ‘डेटा-कन्फर्म’ अशा ॲट्रिब्यूटवर काम सोपवलं. ३.१ मध्ये प्रोटोटाइपच्या जागी जेक्वेरी आली, ४.० नं ‘लिंक_टू_फंक्शन’ वापरू नका असा इशारा द्यायला सुरुवात केली, २०१७ च्या ५.१ मध्ये जेक्वेरीची सक्ती गेली आणि हे ॲट्रिब्यूट वाचणारी रेल्सची स्वतःची स्क्रिप्ट, रेल्स-यूजेएस, आली. डिसेंबर २०२१ च्या ७.० पासून नव्या ॲपमध्ये टर्बो (पूर्ण पान नव्यानं न उघडता आतला मजकूर बदलणारी लायब्ररी) आणि स्टिम्युलस (घटकांना वागणूक देणारी छोटी लायब्ररी) आधीच बसवलेले असतात.

हे माहीत असायला हवं, कारण जुन्या ॲपमध्ये हे सगळे थर एकावर एक साचलेले सापडतात. २०११ चा हेल्पर, त्यावर २०१६ मध्ये कुणीतरी घातलेलं वेष्टण, त्यावर तुमचं. शिवाय उत्तरं शोधताना जी सापडतात ती कोणत्या थरासाठी लिहिली आहेत हेही कळतं. ‘डेटा-कन्फर्म’ घाला असं वाचलं आणि तुमच्या ॲपमध्ये फक्त टर्बो असेल, तर ते मुकाट्यानं दुर्लक्षित होईल. विचारणा न होताच नोंद उडेल.

पहिली पायरी: शोधा आणि ढीग पाडा

कोड बदलायला लगेच बसू नका. ‘हेल्पर्स’ आणि ‘व्ह्यूज’ या दोन्ही फोल्डरमध्ये हे शब्द शोधा: ऑनक्लिक, ऑनचेंज, ऑनसबमिट, जावास्क्रिप्ट_टॅग, लिंक_टू_फंक्शन, एचटीएमएल_सेफ, रॉ. शेवटचे दोन आपोआप होणारं एस्केप बंद करतात, म्हणून ते सगळ्यात बोलके. हेल्परमध्ये ‘एचटीएमएल_सेफ’ दिसलं की तिथे कुणीतरी स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवून टॅग बनवला आहे असं समजा आणि ती जागा आधी तपासा.

मग सापडलेल्या प्रत्येक हेल्परला एक प्रश्न विचारा: हा नेमकं काय करतो? बहुतेकांची उत्तरं चारांत बसतात. काही फक्त दाखवतात-लपवतात. काही विचारून एखादी कृती करतात. काही सर्व्हरवरची माहिती जावास्क्रिप्टपर्यंत नेतात. आणि थोडे खरोखरच पानाला काही वागणूक देतात. माझ्या अनुभवात हा शेवटचा ढीग नेहमी वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

दुसरी पायरी: एचटीएमएलला जमतं ते त्याच्याकडे द्या

‘अधिक माहिती दाखवा’ असा दुवा आणि खाली लपलेला मजकूर, यासाठी ‘डीटेल्स’ आणि ‘समरी’ हे टॅग आहेत. कळफलकानं उघडतात, स्क्रीन रीडरला कळतात आणि जावास्क्रिप्टची एक ओळ लागत नाही. पानावर उघडणाऱ्या चौकटीसाठी ‘डायलॉग’ टॅग मार्च २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे; तो उघडायला मात्र बहुधा थोडी स्क्रिप्ट लागते. रकाना रिकामा राहू नये यासाठी ‘रिक्वायर्ड’, पान उघडताच कर्सर तिथे हवा तर ‘ऑटोफोकस’. हे हेल्पर सरळ पुसून टाकायचे.

तिसरी पायरी: ‘काढून टाका’ हा दुवा नसतो

वेबवर दुवा म्हणजे ‘गेट’ विनंती, आणि ‘गेट’नं काही बदलू नये असा करार आहे. हा करार मोडल्याची मोठी किंमत लोकांनी २००५ मध्ये मोजली. गूगलनं वेब ॲक्सिलरेटर नावाचं साधन आणलं होतं. पान लवकर उघडावं म्हणून ते पानावरचे दुवे आधीच आणून ठेवायचं. ज्या ॲपमध्ये डिलीटचे साधे दुवे होते, तिथे वापरणाऱ्यानं काही न दाबताच नोंदी नाहीशा व्हायला लागल्या.

तेव्हा जुना ‘डिलीट_लिंक’ हेल्पर काढा आणि त्या जागी रेल्सचा ‘बटन_टू’ वापरा. मेथड म्हणून ‘डिलीट’ द्या. तो एक छोटा फॉर्म बनवतो, त्यात एक बटण, आणि बनावट विनंत्या ओळखायचा टोकनही स्वतःच घालतो. दिसायला दुव्यासारखं हवं असेल तर ते काम सीएसएसचं.

विचारणा करायची असेल तर ‘टर्बो_कन्फर्म’ची डेटा-खूण फॉर्मवर ठेवा, म्हणजे ‘बटन_टू’च्या ‘फॉर्म’ या पर्यायातून द्या. तिथे संदेशात ओ'ब्रायन आला तरी काही बिघडत नाही. ब्राउझर एंटिटी सोडवतो आणि टर्बो मिळालेली स्ट्रिंग विचारणेत जशीच्या तशी दाखवतं. ती जावास्क्रिप्ट म्हणून कुणी वाचतच नाही. दोन भाषांचा गुंता इथे संपतो, आणि तो संपवायला आपल्याला एस्केपचा एकही नियम पाठ करावा लागलेला नाही.

दोन गोष्टी विसरू नका. कंट्रोलरमध्ये नोंद काढल्यावर दुसरीकडे पाठवताना ‘सी_अदर’ म्हणजे ३०३ हा स्टेटस द्या. ३०२ दिला तर डिलीटची विनंती पुढच्या पत्त्यावरही डिलीट म्हणूनच जाऊ शकते, आणि तो पत्ता यादीचा नसून एखाद्या नोंदीचा असेल तर काय होईल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट: जावास्क्रिप्ट लोड झालं नाही तर बटण चालतंच, पण विचारणा होत नाही. काढलेलं परत आणता येत नसेल तर विचारणेसाठी वेगळं पान करा. मी महत्त्वाच्या नोंदींसाठी तेच करतो.

चौथी पायरी: माहिती पोचवा, कोड जुळवू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं. हेल्परमधल्या बऱ्याच गाठी इथेच पडलेल्या असतात. नेहमीचं दृश्य असं: ‘जावास्क्रिप्ट_टॅग’ उघडलेला आहे, आत एक चल आहे, त्यापुढे रूबीची किंमत अवतरणात बसवलेली आहे, आणि बाजूला ‘जे’ हा हेल्पर, म्हणजे ‘एस्केप_जावास्क्रिप्ट’, लावलेला आहे. लावलेला असेल तर.

‘जे’ त्याचं काम चोख करतो, पण तो तुमच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे. पन्नास ठिकाणी लावला आणि एक्कावन्नावं विसरलं की भोक पडलंच. शिवाय भाषा बदलत असते. जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिकच्या स्ट्रिंग आल्या आणि ‘जे’ला त्यातलं बॅकटिक आणि डॉलरचं चिन्ह एस्केप करणं माहीत नव्हतं. मार्च २०२० मध्ये ६.०.२.२ आणि ५.२.४.२ या आवृत्त्यांत ती त्रुटी बुजवली गेली. तोवर जबाबदारीनं ‘जे’ लावणारेही बॅकटिकच्या आत असुरक्षितच होते.

डेटा-ॲट्रिब्यूटची वाट याहून सोपी आहे. रेल्सच्या टॅग बनवणाऱ्या हेल्परना ‘डेटा’ नावाचा हॅश देता येतो. त्यात ‘मॅक्स_लेंग्थ’ अशी अंडरस्कोरची की दिली तर एचटीएमएलमध्ये ती ‘डेटा-मॅक्स-लेंग्थ’ होते. जावास्क्रिप्टमध्ये त्याच घटकाच्या ‘डेटासेट’वर ती ‘मॅक्सलेंग्थ’ अशी मिळते, अंडरस्कोर आणि आडव्या रेघा जाऊन दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. एकाच नावाची ही तीन रूपं सुरुवातीला फार छळतात. ‘अनडिफाइन्ड’ आलं की आधी स्पेलिंग तपासा.

किंमत म्हणून ॲरे किंवा हॅश दिला तर रेल्स स्वतःच त्याचं जेसन, म्हणजे माहितीचं मजकुरातलं रूप, करतं. तुम्ही पुन्हा ‘टू_जेसन’ लावायची गरज नाही. पलीकडे ते ‘जेसन.पार्स’नं उघडायचं. आकडा मात्र पलीकडे स्ट्रिंग म्हणूनच पोचतो. त्याला आणखी एक मिळवला आणि १० चे १०१ झाले, तर कारण हे.

माहिती मोठी असेल, शेदोनशे नोंदी असतील, तर ॲट्रिब्यूटमध्ये कोंबू नका. प्रकार ‘ॲप्लिकेशन/जेसन’ असलेला स्क्रिप्ट टॅग ठेवा. ब्राउझर तो चालवत नाही, नुसता बाळगतो. इथे एकच धोका: माहितीत कुठे स्क्रिप्ट टॅग बंद करणारी अक्षरं आली तर टॅग तिथेच संपतो. रेल्सचं ‘टू_जेसन’ मूळ सेटिंगप्रमाणे कोनी कंस आणि अँपरसँड बदलून देतं, त्यामुळे ते चालतं. जेसन दुसऱ्या कुठल्या लायब्ररीनं बनवलं असेल तर त्याला ‘जेसन_एस्केप’मधून काढा.

पाचवी पायरी: खरी वागणूक फाइलीत हलवा

एक उदाहरण जवळून पाहू. एका ॲपमध्ये ‘किती अक्षरं उरली’ दाखवणारा हेल्पर मला सापडला. तो मजकुराचा रकाना बनवायचा, त्याखाली आकडा दाखवायचा, त्या दोघांसाठी वेगवेगळे आयडी घडवायचा आणि शेवटी त्या आयडींवर चालणारा स्क्रिप्ट टॅग छापायचा. त्याला आठ आर्ग्युमेंट होती. पानावर पाच रकाने असले की तोच कोड पाच वेळा छापला जायचा, फक्त आयडी वेगळे.

स्टिम्युलसमध्ये हेच असं होतं. रकाना आणि आकडा या दोघांना वेढणाऱ्या डिव्हवर ‘डेटा-कंट्रोलर’ म्हणून ‘काउंटर’ लिहायचं; हा स्टिम्युलसचा कंट्रोलर, रेल्सचा नव्हे. मर्यादा त्याच डिव्हवर ‘डेटा-काउंटर-मॅक्स-व्हॅल्यू’ म्हणून २८०. रकाना आणि आकडा यांना ‘टार्गेट’ म्हणून नावं द्यायची. रकान्यावर ‘डेटा-ॲक्शन’मध्ये ‘काउंटर#अपडेट’ लिहायचं. कोणता इव्हेंट ते लिहिलं नाही तरी मजकुराच्या रकान्यासाठी ‘इनपुट’ धरला जातो. मग ‘काउंटर_कंट्रोलर’च्या फाइलीत एकच मेथड: मर्यादेतून रकान्यातल्या मजकुराची लांबी वजा करा आणि आकड्याच्या जागी लिहा. ‘व्हॅल्यूज’मध्ये मॅक्सचा प्रकार ‘नंबर’ सांगून ठेवला की स्ट्रिंगचा आकडा स्टिम्युलस स्वतः करतं.

पाच रकाने असोत की पन्नास, कोड एकदाच लोड होतो आणि प्रत्येक डिव्हला स्वतःचा कंट्रोलर मिळतो. आयडी घडवायचे कष्ट गेले. हेल्परची आठ आर्ग्युमेंट दोनवर आली.

अशा काउंटरमध्ये मराठी मजकूर टाकून जरूर बघा. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण जावास्क्रिप्टची लांबी ४ सांगते, कारण क, हलन्त, ष आणि वेलांटी वेगवेगळे मोजले जातात. रूबीही ४ च सांगते, म्हणजे निदान दोघांचं जमतं. इमोजीवर मात्र मतभेद होतो: साध्या इमोजीला जावास्क्रिप्ट २ म्हणतं, रूबी १. नव्या ओळीचंही तसंच, ब्राउझर फॉर्म पाठवताना तिची दोन चिन्हं करतो. पानावर ‘० उरली’ आणि सर्व्हरकडून ‘मजकूर लांब आहे’ असं एकाच वेळी आलं तर आधी इकडे पाहा.

स्टिम्युलस नसेल तरी तत्त्व तेच राहतं. पूर्ण ‘डॉक्युमेंट’वर एक लिसनर लावा आणि क्लिक कुठे झालं ते ‘क्लोजेस्ट’नं शोधा. फक्त ‘डीओएम-कंटेंट-लोडेड’च्या भरवशावर राहू नका. टर्बो असताना तो इव्हेंट पहिल्या पानाला एकदाच येतो. नंतरची पानं टर्बो आत बदलत जातं, आणि ‘रिफ्रेश केलं की चालतं, दुव्यावरून आलं की नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच जन्मते. स्टिम्युलसची ‘कनेक्ट’ मेथड घटक पानावर येईल तेव्हा चालते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. ‘कनेक्ट’मध्ये टायमर सुरू केला असेल तर ‘डिस्कनेक्ट’मध्ये तो बंद करायला विसरू नका.

सहावी पायरी: उरलेला हेल्पर

आता जे हेल्पर राहतील ते लहान असतील. टॅग बनवायला ‘टॅग’ बिल्डर वापरा, स्ट्रिंग जोडू नका. पर्याय कीवर्ड आर्ग्युमेंटनं घ्या, आतला मजकूर ब्लॉकनं. वापरणाऱ्यानं स्वतःचा ‘डेटा’ हॅश दिला तर तुमच्या हॅशमध्ये मिसळून घ्या. त्यात एक खोच आहे. दोघांनीही ‘कंट्रोलर’ दिला असेल तर साध्या ‘मर्ज’मध्ये एक नाव दुसऱ्याला गिळतं आणि अर्धी वागणूक गुपचूप बंद पडते. रेल्स ६.१ पासूनचा ‘टोकन_लिस्ट’ अशी नावं जागा सोडून जोडून देतो.

हेल्परमध्ये मार्कअप आठ-दहा ओळींच्या पुढे गेला तर तो पार्शलमध्ये, म्हणजे व्ह्यूच्या वेगळ्या छोट्या फाइलीत, हलवा. आणि जो हेल्पर आलेली आर्ग्युमेंट फक्त पुढे ढकलतो तो काढून टाका, कितीही देखणं नाव असलं तरी. मूळ स्थितीत रेल्सचे सगळे हेल्पर सगळ्या व्ह्यूंना दिसतात, त्यामुळे ‘टॉगल’ किंवा ‘शो_लिंक’ अशी मोघम नावं वेगवेगळ्या फाइलींत एकमेकांवर आदळतात. नाव जितकं नेमकं तितकं बरं.

सातवी पायरी: जुनं परत शिरू नये म्हणून

कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानात कोणती स्क्रिप्ट चालू द्यायची ते ब्राउझरला सांगणारी नियमावली, चालू करा. रेल्स ५.२ पासून तिची सेटिंग ‘इनिशियलायझर्स’मध्ये तयार मिळते. ‘स्क्रिप्ट-सोर्स’मध्ये ‘अनसेफ-इनलाइन’ नसलं की ब्राउझर ऑनक्लिकचा मजकूर चालवायलाच नकार देतो. पानात ठेवलाच पाहिजे अशा स्क्रिप्ट टॅगला ‘नॉन्स’ (परवानगीचा एकदाच वापरायचा शब्द) देता येतो, ऑनक्लिकला देता येत नाही. सुरुवातीला ‘रिपोर्ट-ओन्ली’ ठेवा, म्हणजे काही तुटणार नाही, पण तुमच्या शोधातून निसटलेल्या जागा कन्सोलमध्ये एकेक करून समोर येतील.

टेस्टही लिहा, आणि नमुन्याची नावं साधी ठेवू नका. अपॉस्ट्रॉफी असलेलं एक, दुहेरी अवतरण असलेलं एक, बॅकटिक असलेलं एक आणि कोनी कंसाचं एक. या चार नोंदींवर सिस्टम टेस्टनं बटण दाबून विचारणा येते का आणि नोंद जाते का ते पाहायचं.

एका कमिटमध्ये एकच हेल्पर बदला. सगळे संपल्यावर ‘डेटा-रिमोट’, ‘डेटा-मेथड’, ‘डेटा-कन्फर्म’ आणि ‘डेटा-डिसेबल-विथ’ यांचा पुन्हा एकदा शोध घ्या. शेवटच्याची टर्बोतली जागा ‘डेटा-टर्बो-सबमिट्स-विथ’ घेतं. चौघांचाही आकडा शून्य आला, की मगच रेल्स-यूजेएसची ओळ काढायची, आणि ती काढलेल्या कमिटवर नमुन्याच्या त्या चार नावांची टेस्ट पुन्हा चालवायची.